न दुखणारे पाऊल

आपल्या मराठी घरांत पायांना मान मोठा. दिवाळीच्या पाडव्याला, दसऱ्याचे सोने हाती दिल्यावर, परीक्षेला किंवा परगावी निघताना वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवण्याची रीत, सुरतेत तीन-तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांनीही सोडलेली नाही. नव्या सुनेच्या पायगुणाची चर्चा होते, पाहुण्यांना पायधूळ झाडण्याचा आग्रह होतो. परंतु ज्या पायांना आपण वाकून नमस्कार करतो, ते पाय आपण कधी नीट पाहतो का? तळवा कसा आहे, टाचेची भेग किती खोल गेली आहे, बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली आहे की काय, हे किती घरांत कोणाला ठाऊक असते? दिवसातून चार वेळा आरशापुढे उभा राहणारा माणूस वर्षभरात एकदाही स्वतःच्या तळव्याकडे पाहत नसेल. ज्याच्या पायाला दुखते-खुपते ते कळते, त्याचे अशा दुर्लक्षाने फारसे बिघडत नाही. काटा रुतला की पाय स्वतःच तक्रार करतो. ज्याच्या पायाची तक्रार करण्याची शक्तीच नष्ट झाली आहे, त्याची गोष्ट निराळी. अशा मुक्या झालेल्या पायांविषयी आज आम्हांला लिहावयाचे आहे.

असे पाय विरळा नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतू झिजतात, आणि जे तंतू सर्वांत लांब, म्हणजे पावलांपर्यंत पोहोचणारे, ते प्रथम झिजतात. आरंभी रात्री तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, अंथरुणावरची चादरही पायाला सहन होत नाही. मग हळूहळू जमीन कापसाची असल्यासारखी वाटू लागते. चालता चालता पायातली चप्पल मागे राहते आणि चार पावले पुढे गेल्यावर कोणीतरी हाक मारून सांगते, ही खूण तर पुष्कळांच्या परिचयाची असेल. यानंतर एक फसवा काळ येतो. आग थांबते, मुंग्या थांबतात, आणि घरातले म्हणतात, 'बरे झाले, औषध लागू पडले.' वास्तविक पाहता त्या वेळी पायाचा पहारेकरी झोपी गेलेला असतो.

आमच्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांनी उधन्याच्या एका यंत्रमागाच्या खात्यात जॉबर म्हणून आयुष्य काढले. निवृत्तीनंतर एके दिवशी ते बाजारात जाऊन आले, दुपारी भजनी मंडळात बसून आले, संध्याकाळी घरात वावरले. फरशीवर ओळीने उमटलेले तांबडे ठिपके शाळेतून आलेल्या नातीने पाहिले, तेव्हा कळले की चपलेच्या तळातून वर आलेला खिळा सकाळपासून त्यांच्या पावलात शिरत होता. त्यांना काहीही जाणवले नव्हते. जखम किरकोळ दिसली म्हणून हळद भरून पट्टी बांधली गेली आणि पुढचे दहा दिवस ते त्या पायावर चालत राहिले, कारण दुखत नव्हते. शेवटी दोन बोटे काढावी लागली. मधुमेह्यांचे पाय ज्या कारणांनी कापावे लागतात त्यांचा हिशेब जगभर मांडला गेला आहे. अशा दर १०० शस्त्रक्रियांपैकी सुमारे ८५ शस्त्रक्रियांच्या मुळाशी एक लहानशी, दुर्लक्षित जखमच असते.

दुखणे नाहीसे होणे हाच खरा रोग आहे, हे ज्ञान वैद्यकशास्त्राला झाले ते मधुमेह्यांमुळे नव्हे. ते झाले कुष्ठरुग्णांमुळे, आणि तेही आपल्याच देशात. ही हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत एका मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. लंडनला शल्यविद्या शिकून ते १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. कुष्ठरोगात हातापायांची बोटे रोगामुळेच सडून झडतात, अशी त्या काळी लोकांची तर होतीच, पण बहुतेक डॉक्टरांचीही समजूत होती. ब्रँड यांना तसे दिसेना. रुग्णांची कातडी इतरांसारखीच भरून येत होती, जखमेला विश्रांती मिळाली की ती बरीही होत होती. मग नव्या जखमा येतात कोठून? एकदा एका गंजलेल्या कुलुपाची किल्ली ब्रँड यांना फिरवता येईना. जवळ उभ्या असलेल्या एका कुष्ठरुग्ण मुलाने ती सहज फिरवून दिली. त्याच्या हाताकडे पाहिले, तेव्हा बोट हाडापर्यंत कापले गेलेले होते. मुलगा मात्र हसत होता. किती जोर लावावा आणि कोठे थांबावे, हे आपल्याला वेदना सांगते. त्या मुलाला सांगणारे कोणी नव्हते. पुढे ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक जखमेचे कारण हुडकून काढण्याचा परिपाठ ठेवला. कोणी चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उतरवलेले असे, कोणाच्या पायात काचेचा तुकडा असे. काही जणांची बोटे रात्रीतून कमी होत, त्याचा उलगडा पहारा ठेवल्यावर झाला. झोपेत उंदीर बोटे कुरतडत आणि रुग्णाला जाग येत नसे. त्यावर मांजरे पाळण्याचा उपाय करण्यात आला.

ब्रँड यांच्या स्वतःच्या आयुष्यातील एक रात्र प्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये लांबचा रेल्वेप्रवास करून ते मुक्कामी पोहोचले. मोजे काढताना त्यांच्या लक्षात आले की, आपल्या टाचेला स्पर्श कळत नाही. टाचणी टोचली, तरी काही नाही. इतकी वर्षे कुष्ठरुग्णांत काढलेल्या या माणसाने ती रात्र कशी काढली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. सकाळी त्यांनी पुन्हा टाचणी टोचली आणि वेदनेने ओरडले. गाडीत एकाच बाजूवर बसून पायाची मुख्य शीर दबली होती, इतकेच! त्या टोचणीबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

१९६६ साली ते अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे मधुमेह्यांचे पाय त्यांच्या पाहण्यात आले आणि त्यांना वेल्लोरचेच पाय पुन्हा भेटल्यासारखे वाटले. त्या जखमा कमी रक्तपुरवठ्यामुळेच होतात असे तिकडचे डॉक्टर मानत. ब्रँड यांनी दाखवून दिले की पुष्कळ मधुमेह्यांच्या बाबतीत मूळ दोष बधिरतेचा आहे. पायाला घट्ट बसणारा प्लॅस्टरचा साचा घालून जखमेवरील भार सर्व तळव्यावर वाटून देण्याची जी पद्धत आज जगभर मधुमेह्यांसाठी वापरली जाते, ती भारतात आणि सिलोनमध्ये १९३० च्या दशकात कुष्ठरुग्णांसाठी सुरू झालेली होती. आमच्या मते हे ऋण मोठे आहे, आणि ते फारच थोड्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात दत्तपूरला मनोहरजी दिवाण, आनंदवनात बाबा आमटे, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले, किंवा सेवाग्रामला ज्या परचुरे शास्त्रींचे अंग स्वतः महात्मा गांधी चोळीत, त्या रुग्णांच्या पायांनी शिकविलेला धडा आज मधुमेह्यांचे पाय वाचवीत आहे.

कुष्ठरोगाचे नाव काढताच काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, म्हणून दोन शब्द. बहुविध औषधोपचाराने हा रोग आज पूर्ण बरा होतो, आणि भारताने राष्ट्रीय पातळीवर निर्मूलनाचे उद्दिष्ट डिसेंबर २००५ मध्ये गाठले. तथापि नवे रुग्ण सापडणे थांबलेले नाही, आपल्या दक्षिण गुजरातेतही ते सापडतात. महत्त्वाची गोष्ट अशी की औषधाने जंतू मरतात, परंतु एकदा मेलेला मज्जातंतू बहुधा परत येत नाही. मनुष्य रोगमुक्त होतो, त्याच्यापासून कोणास कसलाही धोका उरत नाही, पाय मात्र जन्मभर बधिर राहतो. याखेरीज अति मद्यपान, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मूत्रपिंडाचे जुने विकार, कर्करोगावरील काही औषधे, पाठीच्या कण्याची इजा यांनीही पाय बधिर होतात. ब-१२ चा विषय शाकाहारी घरांनी विशेष ध्यानात घ्यावा. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या रक्तातही हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते. ते तपासून घेणे सोपे आहे आणि भरून काढणेही सोपे आहे.

मज्जातंतू बिघडले म्हणजे केवळ स्पर्शच जातो असे नाही. पावलातील लहान स्नायू दुबळे होऊन बोटे वाकतात, त्यामुळे बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांची टोके खाली दाबली जातात आणि तेथे घट्टे पडतात. घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात. घट्ट्याखाली न दिसणारी जखम तयार होत असते. पुष्कळांना घट्टा म्हणजे पायाचे कवच वाटते, पण बधिर पायात तो बुटात अडकलेल्या खड्याचे काम करतो.

ब्रँड यांनी इजांचे तीन प्रकार सांगितले होते. त्यांच्या आधाराने आपल्या सुरतेतील घरांकडे पाहिले असता पुष्कळ गोष्टी उघड होतात. पहिला प्रकार एकदाच होणाऱ्या मोठ्या इजेचा: खिळा, काच, भाजणे. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये ओल्या जमिनीवर कढत पाणी सांडते, मोटारसायकलचा सायलेन्सर घोट्याला लागतो, थंडीत पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते. उन्हाळ्यात आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे भुसावळच्या गाडीने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जातात. तेथे वैशाखात गच्चीवर कुरडया, पापड घालावयाचे असतात आणि खाद्यपदार्थ म्हणून चपला काढून वावरायचे असते. तापलेल्या गच्चीवर दहा मिनिटे अनवाणी उभ्या राहिलेल्या मधुमेही बाईच्या दोन्ही तळव्यांना फोड यावेत आणि ते तिला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसावेत, यात नवल काही नाही. देवळाच्या तापलेल्या फरसबंदीचेही तसेच आहे.

दुसरा प्रकार हलक्या पण तासन्‌तास टिकणाऱ्या दाबाचा. नवा घट्ट जोडा घालून लग्नाला गेलेला बधिर पायाचा मनुष्य तो काढतच नाही, कारण त्याला काही टोचत नाही. दाबामुळे तेथील रक्त थांबते आणि कातडी मरते. या प्रकारातील दोन गोष्टी केवळ आपल्याकडच्याच आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो. एक म्हणजे मांडी घालून बसणे. पूजेत, पंगतीत, भजनात तासन्‌तास मांडी घातली की बाहेरच्या घोट्याचे हाड जमिनीवर दाबले जाते आणि बधिर पायाला तेथे जखम होते. अशांनी खुशाल पाटाऐवजी खुर्चीवर बसावे. सत्यनारायण रागावत नाही. दुसरी गोष्ट जोडव्यांची. पायाला सूज आली की जोडवी बोटात रुततात, त्यांच्याखाली पाणी साचते, आणि ज्या बोटाला स्पर्श कळत नाही ते बोट तक्रार करीत नाही. सौभाग्याचे लेणे उतरवावयाचे म्हणजे घरात वाद होणार, हे आम्ही जाणतो. निदान ती सैल, सहज निघणारी आणि काठ बोथट असलेली असावीत, व रोज काढून बोट पाहिले जावे. बोट सुजले असेल तर ती उतरवावीत आणि बोट पूर्ण बरे होईपर्यंत डबीत ठेवावीत.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. साधे चालणेच, पण न थांबता. निरोगी मनुष्य दोन कोस चालला की नकळत चाल बदलतो, भार कधी टाचेवर तर कधी कडेवर घेतो, आणि जास्तच झाले तर लंगडतो. बधिर पायाचा मनुष्य शेवटचे पाऊल पहिल्यासारखेच टाकतो. तीच ती जागा हजारो वेळा दाबली जाऊन आतून लाल होते आणि फुटते. नवरात्रात नऊ रात्री अनवाणी गरबा खेळणाऱ्या प्रौढ मंडळींनी, आणि चैत्रात सप्तशृंग गडावर पायी जाणाऱ्या आपल्या खानदेशी बांधवांनी हे लक्षात घ्यावे. देवीच्या दर्शनाला विरोध करण्याचा आमचा हेतू नाही. पायातले बळ कायम आहे म्हणून मनुष्य चालत राहतो, आणि जाणीव गेली आहे म्हणून थांबत नाही, इतकेच सांगावयाचे आहे.

पावसाळ्याचे वेगळे सांगितले पाहिजे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग कित्येक दिवस बुडाला होता, त्याची आठवण अजून ताजी आहे. परंतु तेवढा महापूर नसला तरी लिंबायत, पर्वत पाटिया या भागांत खाडीपुराचे पाणी घरांत शिरते. त्या गढूळ पाण्याखाली काच आहे की पत्रा, हे डोळ्यांना दिसत नाही आणि बधिर पायांना कळत नाही. शिवाय दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस भेगांतूनही शरीरात शिरतो. अशा घरांत बधिर पायाच्या माणसासाठी गुडघ्यापर्यंतचे गमबूट जूनपूर्वीच आणून ठेवावेत. पाण्यातून आल्यावर पाय साबणाने व स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, दिव्याखाली धरून पाहावेत. आणि उंदरांची गोष्ट केवळ जुन्या काळची समजू नये. टांझानियातील डॉक्टरांनी मधुमेह्यांच्या पायांना उंदीर चावल्याच्या घटना या शतकातही नोंदविल्या आहेत. १९९४ च्या प्लेगनंतर सुरतकरांना उंदरांविषयी कोणी काही शिकवावे असे नाही. जमिनीवर अंथरूण असेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, आणि निजण्यापूर्वी पाय धुवावेत.

आता रोजच्या देखभालीविषयी. तिचा गाभा एकच आहे: जे काम पूर्वी वेदना करीत होती, ते आता डोळ्यांनी आणि हातांनी, ठरलेल्या वेळी, करावयाचे. संध्याकाळी दिवेलागणीनंतर पाय धुऊन पुसावेत, विशेषतः बोटांच्या बेचक्या, कारण तेथे चिखल्या होतात. पाणी गरम आहे का हे पायाने पाहू नये, कोपराने पाहावे किंवा घरातील दुसऱ्या कोणी पाहावे. मग तळवा, टाच, बोटांची टोके, नखांच्या कडा पाहाव्यात. वाकता येत नसेल त्याने जमिनीवर आरसा ठेवावा. नजर अधू असेल तर दुसऱ्याची नजर उसनी घ्यावी. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पावले चाचपून पाहावीत. एके ठिकाणी दुसऱ्या पायापेक्षा स्पष्ट ऊन लागले तर आत काहीतरी शिजते आहे असे समजावे. खोबरेल किंवा व्हॅसलीन तळव्याला व टाचेला लावावे, बेचक्यांत मात्र लावू नये. नखे सरळ कापावीत, कोपऱ्यांत खोल शिरू नये. कुरूप किंवा घट्टा ब्लेडने तासणे आणि बाजारात मिळणाऱ्या कॉर्न कॅपा चिकटविणे या दोन्ही गोष्टी वर्ज्य मानाव्यात. त्या कॅपांतील आम्ल घट्टा आणि चांगली कातडी यांत भेद करीत नाही.

पाय पाण्यात बुडवून ठेवावेत की नाही, याविषयी वाचकांचा गोंधळ होण्याचा संभव आहे. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी रोज सुमारे २० मिनिटे साध्या थंड पाण्यात पाय बुडवून, घट्टा खरबरीत दगडाने हलकेच घासून, ओलसर असतानाच तेल लावावे असे शिकविले जाते. मधुमेहाचे डॉक्टर पाय फार वेळ भिजवू नका म्हणून बजावतात. पहिल्या सल्ल्यामागे कोरड्या कातडीच्या भेगांची चिंता आहे, दुसऱ्यामागे भिजून मऊ झालेल्या बेचक्यांतून शिरणाऱ्या बुरशीची. ज्याचा जो रोग, त्याने त्या रोगाच्या डॉक्टरांचे ऐकावे. गरम पाण्यात मीठ टाकून शेकण्याचा घरगुती उपाय मात्र दोघांनाही वर्ज्य आहे.

पाहण्याचे हे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न आपल्या घरांत वाटतो तितका सोपा नाही. सासऱ्यांना सुनेने आपले तळवे पाहावेत याचा संकोच वाटतो. आजी म्हणतात, 'माझ्या पायांचे काय एवढे!' आणि स्वतः मात्र सर्वांच्या दुखण्याखुपण्याकडे पाहत असतात. आमची सूचना अशी की हे काम नातवंडांकडे द्यावे. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी २०११ साली एक परीक्षा प्रसिद्ध केली, तिला कोणतेही उपकरण लागत नाही. ज्यांची परीक्षा करावयाची त्यांनी डोळे मिटून पडावे. मुलाने उजव्या पायाचा अंगठा, मग करंगळी, मग डाव्या पायाचा अंगठा, करंगळी, आणि शेवटी उजवे व डावे मधले बोट, यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, थोपटू नये. स्पर्श कळला की 'उजवा' किंवा 'डावा' म्हणावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पाय बधिर होत आहेत असे धरून डॉक्टरांकडे जावे. डॉक्टर हीच परीक्षा १० ग्रॅम भाराला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने करतात. ज्या शहराचे अर्धे जीवन कृत्रिम धाग्यावर चालते, त्या शहरात या स्वस्त तंतूची ओळख प्रत्येक दवाखान्यात असावी, अशी आमची अपेक्षा आहे.

पादत्राणाबद्दल. घरातही अनवाणी चालू नये, हा नियम आपल्या संस्काराला सर्वांत जड जाणारा. त्यावर तोड अशी की घरातली एक जोडी वेगळी ठेवावी, ती उंबऱ्याबाहेर कधीच न्यावयाची नाही. देवघरात तीही नको वाटली तर स्वच्छ जाड सुती मोजे घालावेत. रबरी हवाई चप्पल या कामाची नाही. तिचा पट्टा बोटांत धरून ठेवावा लागतो, आणि बधिर बोटांना ते जमत नाही. तळ पातळ असल्यामुळे खिळाही सहज आत येतो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांसाठी जे सूक्ष्म छिद्रांचे रबर वापरात आले त्याचा गुण असा की ते बोटाने दाबले तर दबते आणि सोडताच वर येते. त्याच्या खाली कठीण तळ असतो आणि मागे टाचेला पट्टा. जोडणी खिळ्यांनी न करता चिकटवून किंवा शिवून केलेली असावी. राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात बधिर पायाच्या रुग्णांना अशा चपला मोफत मिळतात. 'ही तर त्या लोकांची चप्पल' म्हणून मधुमेही ती घालण्यास नाखूश असतात, आणि खुद्द कुष्ठमुक्तही ओळखले जाण्याच्या भीतीने ती टाळतात. आता तेच रबर निरनिराळ्या रंगारूपाच्या पादत्राणांत बसविता येते, तेव्हा ही सबब राहिलेली नाही. नवे पादत्राण संध्याकाळी विकत घ्यावे, कारण त्या वेळी पाय थोडे सुजलेले असतात. पहिले काही दिवस ते तासाभराहून अधिक घालू नये, आणि काढल्यावर पायावर लाली दिसते का ते पाहावे. घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी आत हात घालून चाचपावे.

एवढे करूनही जखम झाली तर? तिच्यावर चालू नये, हा पहिला आणि शेवटचा उपचार. स्वच्छ पाण्याने धुवावी, कोरडी जाळीची पट्टी बांधावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, कुंकू, टूथपेस्ट, तंबाखू यांपैकी काही भरू नये. तंबाखू आणि विडी तर पायाच्या रक्तवाहिन्याही आवळतात, म्हणजे जी जखम बरी व्हावयाची तीही होत नाही. आणखी एक प्रसंग असा की जखम नसते, ताप नसतो, पण एकच पाऊल अचानक सुजून लाल आणि ऊन होते, दुखते मात्र फारसे नाही. पुष्कळदा याला संधिवात किंवा मुरगळ समजून शेक दिला जातो. ही पावलाची हाडे आतल्या आत मोडण्याची सुरुवात असू शकते. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ साली अशा सांध्यांचे वर्णन केले होते. त्या पायावर चालत राहिल्यास काही आठवड्यांत पावलाची कमान मोडून तळवा होडीसारखा बाहेर येतो. अशा वेळी पाय जमिनीला न टेकवता रुग्णालय गाठावे.

नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी २००४ च्या सुमारास भारतात व शेजारच्या देशांत, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियात, एक डॉक्टर व एक परिचारिका अशा जोड्यांना पायांच्या देखभालीचे शिक्षण देण्याचा उपक्रम हाती घेतला होता. मोठ्या यंत्रांवाचून, केवळ पाहणे, घट्टे काढणे, योग्य पादत्राण देणे आणि रुग्णाला शिकविणे एवढ्यावर तो आधारलेला होता. यात परिचारिकेला दिलेले स्थान आम्हांला विशेष मोलाचे वाटते, कारण डॉक्टरांना एका रुग्णासाठी मिळतात पाच मिनिटे, आणि तेवढ्या वेळात साखरेचा कागद पाहून होतो, पाय पाहून होत नाहीत.

सुरतेत मजुरा दरवाजाजवळचे सरकारी सिव्हिल रुग्णालय आणि महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय ही दोन्ही मोठी रुग्णालये आहेत, आणि तिशीवरील नागरिकांची साखर तपासण्याची सोय पालिकेच्या आरोग्यकेंद्रांत आहे. मधुमेह्याने वर्षातून निदान एकदा, आणि पाय बधिर असल्यास डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, पायांची तपासणी करून घ्यावी. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती मागितल्याखेरीज होत नाही, असा पुष्कळांचा अनुभव आहे. मागावयास संकोच वाटत असेल तर अनुभवी रुग्णांची एक साधी युक्ती आहे: आपला क्रमांक जवळ आला की बाकावर बसल्या बसल्याच जोडे-मोजे काढून ठेवावेत, आणि डॉक्टरांच्या खोलीत आपल्या घरातली ती वेगळी, स्वच्छ चप्पल घालून जावे.